वल्ह्यावरचा शर्ट

दहशतवादी आमच्या पडवीत बसून पेज जेवत होते आणि आये त्यांना आग्रह करत होती.

“घे रे झिला, आणि वायच घे. दर्यावरसून इलेल्या माणसान लाजाचा नसता.”

तिघांतला सगळ्यांत लहान होता त्याने मुकाट्याने थाळी पुढे केली. ओठ खाऱ्या पाण्याने फुटलेले, अंगात बाबांचा जुना सदरा, तोही त्याला ढगळ होत होता. आयेने पेज वाढली आणि वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. बाकीचे दोघे मान खाली घालून जेवत होते. ते दहशतवादी आहेत हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी ते इंजिन बंद पडून अडकलेले तीन परके होते, आणि बाबांनी त्यांना दोर दिला होता.

दोर देणं म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या कातळवेळमध्ये समुद्रात कुणाची होडी अडली की तो अंगातला शर्ट काढून वल्ह्याला बांधतो आणि वल्हं उभं धरतो. ज्याला शर्ट दिसेल त्याने हातातलं काम टाकून जायचं, मग जाळ्यात कितीही म्हावरं लागलेलं असो. आपला दोर त्याच्या होडीला बांधायचा आणि तिला किनाऱ्यापर्यंत ओढून आणायची. माणूस कुठला, कोणाचा, हे त्याच्या पोटात पेज जाईपर्यंत विचारायचं नाही. वाचलेला माणूस सवडीने एक नारळ आणून देतो, आणि दोर देणारा तो नारळ समुद्राला सोडतो. बस्स, एवढंच. वर्षानुवर्षं बोलणं टाकलेले भाऊसुद्धा एकमेकांना दोर द्यायचे, आणि किनाऱ्याला लागले की पुन्हा तोंड फिरवून आपापल्या घरी जायचे.

पेज संपली. तिघांतला मिशीवाला उठला, हात धुतले, “बरं वाटलं हो मावशी,” म्हणाला, आणि पिशवीतून सुतळी ओवलेला एक पुठ्ठा काढून त्याने गळ्यात घातला. पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘दहशतवादी’.

आयेला वाचता येत नव्हतं. “ह्या काय गे? देवाचा काय?” तिने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत माडांमागून शिट्टी वाजली आणि फौजदार बर्गे शिपाई घेऊन अंगणात आले. घाटावरचा माणूस, नुकताच बदलून आलेला. समुद्राकडे ते नेहमी जरा संशयानेच बघायचे.

“कुबल, तुमचं गाव उडालं,” ते बाबांना म्हणाले.

“उडाला? खंय?”

“हे तिघं अतिरेकी आहेत. होडीत पेटीभर स्फोटकं. म्हणजे माणसं आमचीच आणि पेटीत दगडच आहेत, पण सरावापुरतं खरं समजा. तुम्ही ती स्वतःच्या दोराने ओढून आणलीत, माणसं घरात घेतलीत, वर जेवू घातलंत. एवढी बडदास्त त्यांच्या आईनंसुद्धा ठेवली नसती.”

“शर्ट दिसलो, सायेब.”

“शर्ट दिसला!” बर्गे शिपायांकडे वळून म्हणाले. “ऐकलंत? शर्ट दिसला म्हणून.”

शिपाई हसले. आमचा बाबलही हसला. बाबल म्हणजे माझा थोरला भाऊ, घराला आग लागली तरी त्याला आधी चेष्टाच सुचायची. “बाबा, पयली थाळी ठीक,” तो म्हणाला, “पण बाँब घेवन इलेल्याक दुसरी तरी वाढूची नाय होती.” बाबाही कसनुसे हसले. तो लहान दहशतवादी तेवढा हसला नाही. तो मागीलदारी बसून आपली थाळी विसळत होता.

समुद्रातून आलेल्या माणसांनी मुंबईत केलेला संहार तेव्हा अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. भीती खरी होती, ते मी आजही नाकारत नाही. सरकारने किनाऱ्यासाठी नवं धोरण काढलं होतं, आणि ते आम्हाला समजावायला दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात सभा भरली.

“हे धोरण वरून आलंय,” बर्गे म्हणाले. “मी केलेलं नाही, तुम्ही केलेलं नाही. आपण पाळायचं. अनोळखी होडी दिसली की जवळ जायचं नाही. फोन करायचा. आमची गस्ती बोट येईल, ती बघून घेईल. तोवर लांब राहायचं आणि दुसऱ्यालाही जाऊ द्यायचं नाही.”

“आणि माणूस बुडत असलो तर?” दिनू तोरसकरने विचारलं. दिनू आमचा शेजारी, बाबलचा जिवाभावाचा सोबती.

“तो बुडतोय की बुडण्याचं सोंग करतोय, हे तुला किनाऱ्यावरून कळतं?”

दिनू खाली बसला. मग रंगाची गोष्ट निघाली. सगळ्या होड्यांना एकच रंग द्यायचा, नारिंगी, आणि तोही पावसाळ्यापूर्वी. मंडपात गलका झाला. पावसाच्या तोंडावर आम्ही होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकतो, त्या वेळी रंगवणार कोण आणि तो रंग बघणार कोण? पण तारीखही वरूनच आली होती.

बाबा उठले. सभेत ते कधी बोलायचे नाहीत, पण होडीची गोष्ट होती.

“सायेब, आमची व्हडी पिवळी, काठाक निळी पट्टी. तोरसकारांची तांबडी. बाबलाची आये घराकडसून बघून सांगता, पिवळी इली, चुलीर भात ठेव. सगळी नारिंगी केलास तर माझी माका कळतली कशी?”

“नंबर टाकायचा ना तिच्यावर.”

“नंबर वाचूक जवळ जावचा लागतला. आणि तुमी सांगतास, जवळ जाव नको.”

सगळा मंडप हसला. बर्ग्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांनी माणूस जसा मिळेल त्या काठीने मारतो तसं केलं.

“कुबल, काल तुमच्या घरात अतिरेकी जेवून गेले. आणि आज तुम्ही मला सुरक्षा शिकवताय?”

हसणं थांबलं नाही, फक्त बाबांकडे वळलं. मला गावाची एवढी चीड कधी आली नव्हती. मघाशी ज्यांना बाबांचं बोलणं पटलं होतं, तेच आता मांड्यांवर थापा मारत होते. वर बर्ग्यांनी जाता जाता सांगून ठेवलं, पुढच्या सरावात गाव नापास झालं तर होड्यांचे परवाने अडकतील, आणि ते कोणामुळे अडकले हे सगळ्यांना ठाऊक असेल.

तेव्हापासून बाबांना बाजारात हाक यायची, “काय भिकाजी, आज कोण पाव्हणे? पेज चढली मा चुलीर?” परवान्याची भीती होती, म्हणून त्या हसण्याला धार होती.  पूर्वी कोणाचंही इंजिन कुरकुरलं की माणसं त्यांना विचारायला यायची, आता त्यांच्याच अंगणातून जाताना खाकरून हसायची. बाबांना खरंच काही चुकल्यासारखं वाटायला लागलं होतं. एकदा रात्री जेवताना ते आपल्याशीच म्हणाले, “खरेच असते तर? शाळेत गेले असते तर ते?” आयेने त्यांच्याकडे बघितलं आणि ताटात आमटी वाढली.

बर्ग्यांनी त्यांनाच टेहळणीला नेमलं. “चुकलेला माणूस जास्त सावध असतो,” म्हणाले. बाबांना एक चकाकणारं जाकीट मिळालं, एक शिट्टी, सरकारी फोनचा नंबर आणि एक दुर्बीण, जिच्या डाव्या डोळ्याने काहीच दिसायचं नाही. गावाच्या दक्षिणेला टेकडी आहे, खाली खडकांची रांग समुद्रात शिरते. तिथे झापांची खोपी बांधली. रोज दुपारी बाबा तिथे जाऊन बसायचे आणि बाबल होडी घेऊन समुद्रात जायचा.

शिमगा झाल्यावर पुन्हा सराव झाला. या खेपेला होडी नारिंगी होती आणि वल्ह्याला शर्ट होता. बाबांनी फोन केला, शिट्टी मारली, किनाऱ्यावरून कोणाला हलू दिलं नाही. गंमत अशी की त्या होडीचं इंजिन खरोखरच बंद पडलं. गस्ती बोट काही आली नाही. होडी हेलकावे खात राहिली आणि वारा आमच्या दिशेचा असल्यामुळे तिच्यातल्या माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

“ओ काका! मी हो! तुमच्याकडे पेज जेवलेला!”

तोच तो लहान दहशतवादी होता. अख्खा किनारा पोट धरधरून हसत होता. तो एकीकडे ओकत होता आणि एकीकडे शर्ट हलवत होता. बाबा हसत नव्हते. त्यांचे पाय दोनदा आपोआप पाण्याकडे वळले आणि दोनदा ते मागे आले. शेवटी भरतीनेच होडी वाळूला लावली. पोराला उचलून जीपमध्ये घालावं लागलं.

बर्ग्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास कुबल! याला म्हणतात जागरूक नागरिक. आणि लक्षात ठेवा, रंग काय, कोणीही देईल. शर्ट काय, कोणीही बांधेल.”

बाजारातलं हसणं त्या दिवशी बंद झालं. परवाने वाचले होते. माणसं बाबांना पुन्हा ‘भिकाजीकाका’ म्हणू लागली, एकाने तर चहा पाजला. घरी आल्यावर बाबल म्हणाला, “बाबा, आता तुमी सरकारी माणूस. आमका वळख देतास मा?” बाबा हसले, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

वैशाख संपत आला तशी रंगाची तारीख जवळ आली. आमच्या मामांच्या गावी, पुढच्या खाडीत, मच्छीमार सोसायटीने रंगारी बसवला होता. बाबल होडी घेऊन तिकडे गेला. रंग सुकायला वेळ लागणार होता, मामांनी ठेवून घेतलं होतं, तो अमावास्या उलटल्यावर येणार होता. आम्ही कोणी त्याची वाट बघत नव्हतो.

त्या दुपारी मी बाबांचं जेवण घेऊन टेकडीवर गेले. दक्षिणेचा वारा सुटला होता. पावसाआधीचा तो वारा आमच्याकडे सगळ्यांना कळतो, समुद्र मिटायची वेळ आली असं तो सांगतो. खाली खडकांवर लाटा फुटून फेस वर उडत होता.

“बाबा, जेवा.”

“गप. थय बघ.”

ऊन समोरून येत होतं. पाण्यावर डोळा ठरत नव्हता. हात कपाळाला लावून बघितलं तेव्हा खडकांच्या पलीकडे एक होडी दिसली, लाटेवर चढली की दिसायची आणि उतरली की नाहीशी व्हायची. नवी कोरी नारिंगी. वर वल्हं उभं होतं आणि त्याला काहीतरी फडफडत होतं.

“शर्ट असा,” मी म्हटलं.

“असा.”

“मगे दिनूक हाक मारा.”

“शर्ट असा म्हणानच नको.” बाबांनी दुर्बीण डोळ्यावरून काढली नाही. “गेल्या खेपेक पण ह्याच होता. नारिंगी व्हडी, वल्ह्याक शर्ट. परत माका फशिवतत.”

“असल्या वाऱ्यात सराव कोण करता?”

“खरो दहशतवादी असलो तर? तो तरी वारो बघून येतलो?”

त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“किती माणसं?”

“एकटोच दिसता.”

“म्हणजे बाकीचे खाली लपलेले असणार. जवळ जाऊ नका. कोणाला जाऊ देऊ नका. बोट पाठवतोय.”

“सायेब, ती खडकार जातली.”

“सांगितलं तेवढं करा.”

बाबांनी फोन खिशात ठेवला.  खाली वाळूवर दिनूलाही होडी दिसली होती. तो आणि आणखी दोघे त्याची होडी पाण्याकडे ढकलत होते. बाबांनी शिट्टी मारली. दिनूने वर बघितलं आणि पुन्हा ढकलायला लागला. मग बाबा टेकडी उतरून धावत गेले, मी त्यांच्यामागून. ते दिनूच्या होडीसमोर हात पसरून उभे राहिले, अंगात ते चकाकणारं जाकीट.

“फोन केलंय मी. बोट येता.”

“काका, खंयची बोट? ती शिमग्यापासून धक्क्यार पडान असा!”

“येतली. सायबान सांगल्यान.”

“अवो, खडक बघा! पाच मिन्टात मोडतली ती!”

“दिनू, गाव नापास झालो तर परवाने जातले. तुझोपण जातलो. परत माझ्यामुळे नको. माझ्या हाता पाया पड, पण जाव नको.” बोलता बोलता त्यांचं त्यांनाच उलटसुलट झालं. त्यांनी खरंच दिनूचे पाय धरायला हात खाली नेले.

दिनू थांबला. परवान्याचं नाव काढल्यावर त्याच्याबरोबरच्या दोघांनी होडीवरचे हात काढले होते. पुढे दिनू कितीतरी वर्षं मला सांगत राहिला, मी ढकलणारच होतो गे, ढकलणारच होतो. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या घरात खाणारी तोंडं होती.

“दोर माझ्याकडे द्या,” मी म्हटलं. “मी जातंय.”

बाबांनी माझं मनगट पकडलं. होडी ओढून ओढून राठ झालेला हात होता, मी चावले तरी सुटला नाही. मी त्यांना त्या दिवशी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ते फक्त एकच म्हणत होते, “बोट येता, बायो. बोट येता.”

बोट आली नाही. होडीतला माणूस एकदा उठून उभा राहिला. ऊन त्याच्या पाठीमागे होतं, त्यामुळे नुसता काळा आकार दिसला. त्याने वल्हं दोन्ही हातांनी उंच धरलं आणि जोरजोरात हलवलं. ओरडतही असेल, पण लाटांच्या आवाजात काही कळलं नाही. नंतरची लाट मोठी होती. ती ओसरल्यावर वल्हं दिसलं नाही, आणि मग खडकावर लाकूड फुटल्याचा आवाज आला.

 बाबांनी माझं मनगट सोडलं.

फळ्या यायला लागल्या तेव्हा गाव किनाऱ्यावर जमलं होतं, आयेही आली होती. एक फळी तिच्या पायाशी येऊन लागली. नवा नारिंगी रंग खडकावर घासून निघाला होता. आये वाकली, फळी उचलली, हाताने पाणी पुसलं. नारिंगीच्या खाली पिवळा रंग होता, आणि काठाला निळी पट्टी.

बाबलने जुना रंग खरवडून काढला नव्हता. कंटाळा केला होता, किंवा पिवळ्यावर हात चालला नसेल.

“पिवळी इली,” आये म्हणाली. रोज म्हणायची त्याच आवाजात म्हणाली.

बाबा तिच्या हातातल्या फळीकडे बघत राहिले. मग ते पाण्यात शिरले. दिनू आणि सगळे त्यांच्यामागून गेले, आता कोणाला परवाना आठवला नाही. पण ते पोचायच्या आत लाटेनेच बाबलला खडकांमधल्या वाळूवर आणून टाकलं. तो उघडाच होता. त्याचा शर्ट वल्ह्याबरोबर गेला होता.

आणि तेवढ्यात जीप आली. समुद्रातून नाही, रस्त्याने आली. बंदुका घेतलेले शिपाई उतरले आणि त्यांनी आम्हाला मागे रेटलं.

“मागे व्हा! सगळे मागे! कोणी हात लावू नका!”

“झील असा माझो,” बाबा म्हणाले.

“बॉम्बशोधक पथक येतंय. तोवर कोणी जवळ जायचं नाही.”

बाबलच्या शेजारी एक पिशवी लाटेने आणून टाकली होती. मामींनी दिलेली, तोंड दोरीने बांधलेली. ती फुगलेली होती म्हणून ती संशयास्पद होती. बाबा गुडघ्यांवर बसले आणि तसेच पुढे सरकायला लागले. एका शिपायाने त्यांना जाकिटाला धरून मागे ओढलं. तेच जाकीट, सरकारने दिलेलं. मग ते जाकीट काढून टाकून पुन्हा पुढे गेले, तेव्हा दोघांनी धरलं.

ऊन उतरेपर्यंत माझा भाऊ तसाच पडून होता. भरती त्याच्या पायांपर्यंत येऊन परत जात होती. आये फळी मांडीवर घेऊन बसली होती आणि आम्ही आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच माणसापासून लांब उभे होतो. पथक आलं, त्यांनी काठीने पिशवी उघडली. आत कोकमाची सोलं होती, फणसाचे गरे आणि एक नारळ, नवा रंग दिलेल्या होडीपुढे फोडायचा.

बर्गे आले. त्यांनी टोपी काढली. मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि तिथेच थांबले. त्यांनाही कोणीतरी वरून सांगितलं होतं. वर कोण होतं ते मला कधीच कळलं नाही. शिव्या द्यायला एक चेहरा असता तर बरं झालं असतं.

बाबा त्यांना शांतपणे सांगत होते, जणू जबाब देत होते. “आयतवारी जाताना माका म्हणालो तो, बाबा, नारिंगी घेवन येतंय, वळखशात मा? मी म्हटलंय, तुका नाय वळखूचो तर कोणाक? वारो सुटलो म्हणान आधी निघालो असतलो. शाणो होतो. वाऱ्याचा तेका कळायचा.”



त्यानंतर पाऊस लागला, आणि पावसात एक दिवस बर्गेच निरोप घेऊन आले. किनारा सुरक्षेत आमचं गाव तालुक्यात पहिलं आलं होतं. सरावात आणि प्रत्यक्ष प्रसंगात नियम तंतोतंत पाळले म्हणून स्वातंत्र्यदिनी बाबांचा सत्कार ठरला होता.

“मी लिहिलं होतं, नाव काढा म्हणून,” बर्गे मान खाली घालून म्हणाले. “वरून उत्तर आलं, दुःखातही कर्तव्य सोडलं नाही, अशा माणसाचा सत्कार व्हायलाच पाहिजे.”

मला वाटलं बाबा त्यांना हाकलून देतील. बाबांनी आयेकडे बघितलं. किनाऱ्यावरच्या त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही.

“जावा,” ती म्हणाली. “घेवन येवा काय देतत ता.”

मी बाबांबरोबर गेले. मोठं पटांगण, झेंडा, पावसाची भुरभुर. माइकवरून एक साहेब बोलत होते. कातळवेळच्या ग्रामस्थांनी संशयित होडीला किनाऱ्याला लागू दिलं नाही, असं ते म्हणाले. होडी कोणाची होती ते म्हणाले नाहीत. टाळ्या वाजल्या. बाबा वर गेले. त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. त्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडे असे बघत राहिले की फोटोवाल्याला ‘काका, इकडे’ म्हणून ओरडावं लागलं.

 गावात उतरल्यावर घराकडे न वळता ते सरळ किनाऱ्यावर गेले. मी लांबून बघत होते. लाटा अंगावर येत होत्या, शाल भिजून खाली ओघळली. बाबा कंबरभर पाण्यात उभे राहिले, नारळ कपाळाला लावला, हात उचलला. बराच वेळ त्यांचा हात तसाच वर होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि नारळ घेऊन परत आले.

आये उंबऱ्यात उभी होती.

“ह्यो नारळ दर्यात नाय टाकूक गावणा,” बाबा तिला म्हणाले. “मी दोर खंय दिलो?”